दिव्यावर अण्णा होते

राम्हऱ्या, तू नुसतं ऐक. मधी एक शब्द बोलू नकू. तुझा बी चहा सांगितलाय, गार झाला तर दुसरा सांगू, पण मधी बोललास तर मी उठून जाईन, एवढं डोकं फिरलंय माझं.

आमचा धर्मादादा तालुक्याच्या सहकारी संघाच्या टँकरवर ड्रायव्हर हाय, तुला ठाऊकच हाय. होता, असं म्हण आता. त्याच्या आधी दादा आन सत्यभामा वहिनी ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की संसार गाडीत टाकून पार सांगलीकडं. दादानं जड गाडीचं लायसन काढलं त्या दिवशी वहिनीनं कोयता आढ्याला खोचला आन म्हणली, आता ह्यो फक्त जळण तोडायला. देवाच्या फोटोमागं ठिवायचे रे ते लायसन. दादा सकाळी पाया पडणार आन ते खिशात घालणार. दुष्काळ पडला, संघानं गावोगाव टँकर लावले, दादाला रोजचं काम लागलं. लोकं पाण्यापायी रडत होते आन आमच्या घरात, खोटं कावून बोलू, बरे दिवस आलते.

आता चौक ऐक. बायपासचा चौक, परळीच्या वीजकेंद्राकडून राखेच्या गाड्या येतात त्यो. तिथला सिग्नल आपण शाळंत होतो तवापासून बंद. कावळे बसायचे त्याच्यावर. मधी राखेच्या गाडीखाली नवरा-बायको गेले, लोकांनी रस्ता अडवला, मग एकदम सिग्नल बी चालू झाला आन समोरच्या खांबावर कॅमेरा बी बसला. लाल असताना निघालं की फोटू, फोटू निघाला की मोबाईलवर चलान. अर्ध्या तालुक्याला आलं. दादाला एकदा बी न्हाई. त्यो म्हणायचा, पाणी भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर बी ढकलत नेती, म्हणून मी दिवा लांबूनच बघतो.

आन त्या दिवशी दिवाच न्हवता बे. दिव्यावर अण्णा होते.

बद्रीअण्णा. संघाचे चेअरमन. वाढदिवस होता त्यांचा. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पिवळाधम्मक फ्लेक्स, अण्णा हात जोडून उभे, गॉगल लावून, मागं डरकाळी फोडणारा वाघ. आन सिग्नलचे तिन्ही दिवे बरोबर अण्णांच्या पोटामागं. रातीतून बांधलेला. दादा पहाटंच दुसऱ्या रस्त्यानं विहिरीवर गेलता, त्याला कुठून ठाऊक.

मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं हवा भरत होतो, म्हणून डोळ्यानं बघितलं. दादा लांबून हळू झाला. मान वाकडी करून दिवा हुडकाया लागला. बाजूची जीप निघाली तसा त्यो बी निघाला. त्याला वाटलं, हिरवा असंल. आन तिकडून खरंच हिरवा बघून राधाकिशन दूधवाला फटफटीवर आला, दोन्हीकडं दुधाच्या कॅना बांधलेल्या. दादानं ब्रेक मारला, स्टेरिंग गर्रकन फिरवलं, टँकर दुभाजकावर चढला, पण राधाकिशनची गाडी बंपरखाली गेलीच. पाय मोडला त्याचा. आन टँकरच्या मागचा कॉक तुटला, पाण्याची ही एवढी धार लागली रस्त्यावर.

लोकं धावले. मला वाटलं राधाकिशनला उचलाया धावले. घागरी घिऊन धावले, राम्हऱ्या. हंडे, बादल्या, एकानं तर डोक्यातलं हेल्मेट काढून धारंखाली धरलं. राधाकिशन दुधात पडलेला, आन बाया त्याला वलांडून जाऊ लागल्या. मी त्यांना शिव्या देत न्हाई. दोन हप्ते नळ न्हवता त्यांना. पण आठवलं की अंगाची लाही होती. दादानं एकट्यानं त्याला उचललं, मी रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. आमी दवाखान्यातून माघारी आलो तवर चौकात फ्लेक्स न्हाई. खांबाला नुसत्या सुतळीच्या गाठी, आन सिग्नल लाल-हिरवा खेळतोय, जसं काय घडलंच न्हाई.

सांजच्याला चलान आलं. फोटूत टँकर, टँकरचा नंबर, आन कडंला जरासा पिवळा कोपरा, त्यात शेपटीचा शेंडा. तेवढाच. त्याच्या मागोमाग आरटीओची नोटीस, सिग्नल तोडून माणूस जखमी केला, लायसन कावून निलंबित करू नये, ते येऊन सांगा.

आन इन्शुरन्सवाला आला. टँकर बघितला, फोटू काढले, मग संघाच्या हापिसात अण्णांसोबत च्या-बिस्कीट. दादा आन मी दारात उभे. त्यो आमच्याकडं न बघता अण्णांना समजावून सांगत होता, की असा ड्रायव्हर ठिवला तर फक्त ह्या टँकरचा न्हाई, संघाच्या सगळ्या गाड्यांचा इन्शुरन्स पुढच्या साली महाग होणार. रेकॉर्ड खराब दिसतंय म्हणला. कॅमेऱ्याचा पुरावा हाय म्हणला.

अण्णांनी दादाकडं बघितलं, लई मायेनं. "धर्मा, तू घरचा माणूस. मला फक्त एवढं सांग, लाल होता का न्हवता?"

दादा म्हणला, "दिसला न्हाई, अण्णा. त्याच्यावर तुमचा फ्लेक्स होता."

"कसला फ्लेक्स?" अण्णा इन्शुरन्सवाल्याकडं बघून हसले. "कार्यकर्ते प्रेमानं कुठं कुठं काय लावतात, आपल्याला काय ठाऊक."

आन दादाला कामावरून काढलं. दुसऱ्या दोघा टँकरवाल्यांकडं गेलो, त्यांच्यापर्यंत बी बातमी गेलती. म्हणले, लायसनचं मिटवून या, मग बघू.

माझं टाळकं सरकलं. म्हणलं, एवढा मोठा फ्लेक्स काय हवेत विरघळत न्हाई. पंक्चरवाल्यानं सांगितलं, संघाच्या छोट्या टेम्पोत टाकून नेला. संघाचा टेम्पो जातो कुठं? चारा छावणीवर. तालुक्यातले समदे जुने फ्लेक्स तिथंच जातात, जनावरांवर सावली करायला. गेलो छावणीवर. काय बघण्यासारखं हाय ते. रांगंनं जनावरं, आन वर समदे आमदार, सभापती, भावी सरपंच, हात जोडून उलटेपालटे टांगलेले. कडंला वत्सलाकाकूची गाय. गायीवर पिवळं. वाघ. अण्णा.

काकूला म्हणलं, ह्यो दे मला. काकू म्हणली, "मपल्या गायीवर काय तुझ्या बापाचं धोतर टाकू का?" मग समदं सांगितलं. तिनं काय केलं ठाऊक हाय? गपचिप दोऱ्या सोडाया लागली. वाऱ्यानं फडफडू नये म्हणून खालची कड चौकात लावतानाच बांबूला गुंडाळून शिवलेली होती, मी बांबूसकट गुंडाळी केली आन गाडीवर आडवी बांधली. निघालो तर काकू सोताचं लुगडं गायीवर ताणीत होती.

दुसऱ्या दिवशी आरटीओत. दादा, मी, फ्लेक्स. दाराबाहेर संघाचे बाकीचे पाच ड्रायव्हर बी आलते, दादाच्या बाजूनं बोलाया, पंडितकाका पुढं. साहेब काय वाईट माणूस न्हवता. ऐकून घेतलं. मोबाईलवरचा पिवळा कोपरा आन फ्लेक्सचा कोपरा जुळवून बघितला, वाघाचं शेपूट बरोबर बसलं. म्हणला, "सिग्नल झाकला होता, हे मला पटतंय." राम्हऱ्या, आईशप्पथ, मला तिथंच नाचू वाटलं. मग म्हणला, "लावला कोणी? नाव असंल खाली. उलगडा पुरा."

मी बांबूवरचे टाके तोडले. खालची कड पहिल्यांदा उघडली.

सहा तोंडं. गोल गोल. आन खाली ठळक अक्षरात, शुभेच्छुक, समस्त टँकरचालक.

पंडितकाका. बाकीचे चौघं. आन शेवटचा आमचा दादा. संघाच्या ग्रुपवरचे डीपी उचललेत बे, कोणाला विचारलं न्हाई, पुसलं न्हाई. दादाचा तर वहिनीसोबतचा फोटू होता, त्यातनं वहिनीला कापून टाकलेलं. तिचा खांदा तेवढा ऱ्हायलाय.

साहेबानं चष्मा काढला. म्हणला, मी लिहून घेतो, धर्मराजचं लायसन कदाचित वाचंल. पण सिग्नल झाकून माणूस जखमी केल्याचा गुन्हा होईल, आन त्यो खाली ज्यांची तोंडं हायत त्यांच्यावर.

मी म्हणलं, आन अण्णा? एवढं मोठं तोंड अण्णांचं हाय की.

"अण्णांना शुभेच्छा दिल्यात," साहेब म्हणला. "अण्णांनी थोडीच दिल्यात."

दारातून पंडितकाका आत बघत होते. त्यांनी वाचलं होतं समदं. बाकीचे चपलांकडं बघत होते. कोणीच म्हणलं न्हाई की धर्मा, हे लिहाया लावू नकू. म्हणले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

दादा माझ्याकडं वळला. "घडी घाल, सुग्र्या."

मी हाललो न्हाई.

"घडी घाल म्हणतो ना." मी घडी घातली. दादा साहेबाला म्हणला, "लिहा साहेब. सिग्नल लाल होता. मी बघितला न्हाई."

तीन महिने लायसन गेलं. वहिनीनं ऐकलं, स्टुलावर चढून आढ्याचा कोयता काढला. ऊसतोडीचा हंगाम सरायला अजून येळ हाय, मुकादमाला माणसं कमीच पडलेत. काल दोघं गेले. जाताना दादा म्हणला, फ्लेक्स काकूला नेऊन दे, गाय उन्हात हाय.

आज नेऊन दिला. आधी खालची पट्टी कापून घेतली, सहा तोंडांची. ती हाय माझ्या डिक्कीत. बाकीचा बांधला गायीवर. आधी अण्णांचं तोंड खाली होतं, सावलीला. मी वर करून बांधलं. भाजू दे. पण काय भाजतंय रे? रंग उडंल फार तर. तिकडं चौकात आज दुसरा फ्लेक्स लागलाय, संघाचाच, रस्ता सुरक्षा सप्ताहाचा. ह्या बारीला दिव्याच्या जरा खाली बांधलाय, एवढी अक्कल आली. अण्णा हेल्मेट घालून उभे.

आन मला अजून कळंना, मी घडी कावून घातली. त्यो कागद साहेबापुढून वढून मीच खरं काय ते लिहाया पायजे होतं का? पंडितकाकाच्या पोरीचं लगीन हाय पुढच्या महिन्यात, ते बी डोळ्यापुढं होतं. आन दादाचं देवाच्या फोटोमागचं लायसन बी डोळ्यापुढं होतं. तू मघापासनं मान हालवतोयस. आता बोल. माझ्या जागी फ्लेक्सचं टोक तुझ्या हातात असतं, दारात ते पाच जण, समोर दादा, तर तू काय केलं असतंस बे?