सुनावणीला नेलेले वॉशिंग मशीन

मित्रांनो, मी एक गंजलेले, जुने वॉशिंग मशीन आहे आणि मला राग आला आहे. आमच्यासारख्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना थोडे रडावे, अशी पद्धत आहे. आमचे दिवस गेले, आम्हाला कोणी विचारत नाही, वगैरे. तेवढे मीही रडून घेतले आहे. पण मला जे सांगायचे आहे ते रडत सांगण्यासारखे नाही.

अमेरिकेत, आयोवातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पांढऱ्या मुलाम्याचे गोल पिंप, खाली चार पाय आणि वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ, असे माझे रूप होते. आगगाडीने मला मोंटानात आणले. हॅलोरन काउंटीत इंगा आणि ऑर्विल टॉलेफसन यांचा मेंढ्यांचा कळप आणि मळा होता. त्यांच्या घरी वीज येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी इंगा चुलीवर पाणी उकळून फळीवर कपडे घासत असे. तिच्या हातांची सालपटे निघालेली असत. हिवाळ्यात दोरीवरच्या विजारी फळ्यांसारख्या ताठ होत आणि ती त्या काखेत मारून घरात आणी.

पहिल्या सोमवारी मी पाच मुलांचे आणि नवऱ्याचे कपडे दुपारच्या जेवणाआधी धुऊन दिले. इंगा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि काहीच न करता नुसती बघत राहिली.

"ऑर्विल," ती म्हणाली, "घराला आग लागली तर आधी पोरं बाहेर काढ. मग हे मशीन काढ. तू तुझा चालत ये."

मी काही अगदी गरीब गाय नव्हते. एकदा थोरल्या मुलीचे, सिग्रिडचे, बोट माझ्या रुळांत सापडले. नख काळेनिळे झाले. त्याची मला अजून लाज वाटते. पण तेवढे सोडले तर तेरा वर्षे मी मेंढ्यांच्या औषधाचा वास मारणारे कपडे, लंगोट, लग्नातले टेबलावरचे कापड आणि इंगाच्या आईच्या शेवटच्या आजारातल्या चादरी, सगळे धुतले. कधी कुरकुर केली नाही.

मग आपोआप चालणारे मशीन आले. झाकण लावा, बटण दाबा आणि निघून जा. मला गोठ्यामागच्या शेडमध्ये उभे केले. एका कोंबडीने माझ्यात अंडी घालायला सुरुवात केली. "चला, कोणाला तरी उपयोग आहे," असे ऑर्विल म्हणाला. पुढच्या वसंतात शेड रिकामी करायची ठरली, तेव्हा त्याने मला पिकअप ट्रकमध्ये चढवले. इंगा शेजारी बसली. आम्ही घळीकडे निघालो.

आमच्या काउंटीत कचरा नेणारे कोणी नव्हते. जळण्यासारखे असेल ते लोक अंगणातल्या पिंपात जाळत. बाकीचे घळीत टाकत. "घळीत टाक" हे शब्द तिथे "कपाटात ठेव" म्हणावे इतक्या सहज बोलले जात. घळीच्या काठावर जुनिपरची दाट झुडपे होती. वरून पाहणाऱ्याला तळ दिसत नसे. दिसत नाही, म्हणजे काही नाहीच, अशी सगळ्यांनी आपापली समजूत घालून घेतली होती.

मी चार वेळा आपटून तळाशी पोहोचले. माझा एक पाय मोडला. आजूबाजूला पलंगाच्या स्प्रिंगा होत्या, टायर होते, रंगाचे डबे होते, मेलेली मेंढी होती आणि ट्रॅक्टरच्या कितीतरी बॅटऱ्या होत्या. वरून ट्रकचे दार लागल्याचा आवाज आला. मित्रांनो, तेरा वर्षांच्या नोकरीनंतर एवढाच निरोप. असो. ते मी गिळले असते.

पण घळ म्हणजे काही बंद खोली नाही. दर वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळला की तिच्यातून पाण्याचा लोंढा जातो. त्या पाण्याबरोबर आम्ही सगळे जण थोडे थोडे खाली सरकत होतो. तिसऱ्या वसंतात मी घळीच्या तोंडाशी, एका काटेरी तारेच्या कुंपणाला जाऊन अडकले. कुंपणापलीकडे डेल्फीन बुशारचे कुरण होते.

डेल्फीन विधवा होती. साठेक गाई आणि एक म्हातारा कुत्रा, एवढाच तिचा संसार. बर्फ उतरला की ती हातमोजे घालून यायची आणि लोकांचा कचरा आपल्या कुरणातून वेचायची. वेचता वेचता कुत्र्याशी बोलायची.

"हे बघ, हा पाळणा. ज्यांच्या घरी पाळणा हलला त्यांना तो टाकायला माझंच शेत सापडलं."

मला मात्र ती हलवू शकली नाही. माझ्यात चिखल भरला होता. म्हणून जे घडले ते मी सगळे पाहिले.

मे महिन्यातली गोष्ट. त्या वर्षी लोंढा मोठा होता. कुंपण दोन ठिकाणी झोपले आणि बॅटऱ्या कुरणात पसरल्या. त्यांची कवचे फुटली होती आणि आतल्या करड्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. वासरांना त्या चाटायला आवडत. एक चाटू लागले की दुसरे येई. तीन दिवसांनी एक तांबडे वासरू माझ्याकडे चालत आले आणि सरळ माझ्यावर आदळले. त्याचे डोळे उघडे होते, पण त्याला दिसत नव्हते. मग त्याने कुंपणाच्या खांबाला कपाळ लावले आणि खांब ढकलावा तसे ते दाबत राहिले. संध्याकाळपर्यंत दाबत राहिले. आई लांबून हंबरत होती आणि त्याला आवाज कुठून येतो तेही कळत नव्हते.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी बॅटरीची एक पट्टी उचलून डेल्फीनला दाखवली.

"शिसं आहे. आता काही करता येणार नाही, डेल्फीन."

"आणि माझी विहीर? ती इथून शंभर पावलांवर आहे."

 आठ दिवसांत चार वासरे गेली. डॉक्टर येऊन गेल्या दिवसापासून डेल्फीन प्यायचे पाणी गावातून डब्यांत भरून आणू लागली.

तिने काउंटीच्या कचेरीला पत्र लिहिले. उत्तर आले की घळ गावाच्या हद्दीत नाही, त्यामुळे ती कोणाचीच जबाबदारी नाही. ते पत्र तिने कुरणात उभे राहून कुत्र्याला वाचून दाखवले आणि घडी करून खिशात ठेवले. मग ती गावात कायद्याची माहिती काढायला गेली. तिथे तिला कळले की काउंटीचा कारभार पाहणारे तीन कमिशनर ठराव करून कचऱ्यासाठी एक खास विभाग स्थापन करू शकतात. प्रत्येक घराने थोडी वर्गणी द्यायची आणि त्यातून कचरा उचलायची, तो नीट पुरायची व्यवस्था करायची. मात्र आधी सुनावणी घ्यायची. त्यानंतर महिनाभरात निम्म्याहून अधिक घरांनी लेखी हरकत घेतली तर ठराव रद्द.

डेल्फीन घरोघर फिरली. रोज परतल्यावर कुंपणाशी येऊन दिवसभराचे कुत्र्याला सांगायची.

"आज एक म्हणाला, कचऱ्यावर कर बसवाल, उद्या श्वासावर बसवाल. एकीने तर दारच उघडलं नाही, पडद्याआडून बघत होती. आणि इंगा टॉलेफसन म्हणाली, बघू. बघू म्हणजे काय? मी गेली नऊ वर्षं बघतेच आहे!"

सुनावणीच्या दिवशी सकाळी ती गुरे न्यायचा ट्रक घेऊन आली. मला साखळी बांधली आणि चिखलातून उपटून काढले. असे माझे पुन्हा माणसांत जाणे झाले.

काउंटीच्या कोर्टाचा हॉल गच्च भरला होता. सगळे जण जेवण करून, स्वच्छ शर्ट घालून आले होते. डेल्फीनने मला हातगाडीवरून आत आणले आणि कमिशनरांच्या टेबलासमोर उभे केले. मला तीनच पाय असल्यामुळे मी तिरकी मान करून उभे होते. माझ्यातून चिखल गळून पॉलिश केलेल्या जमिनीवर पसरू लागला.

मधल्या खुर्चीत वेंडेल हॅगर्टी होते. गुरांच्या खाद्याचे दुकान त्यांचेच.

"डेल्फीन, हे काय आणलंस? ही कोर्टाची इमारत आहे. भंगारखाना नाही."

"हेच मी तुम्हाला सांगतेय, वेंडेल. माझं कुरणही भंगारखाना नाही."

मागे कोणीतरी हसले. हॅगर्टींना ते आवडले नाही.

"तुझ्या वासरांचं ऐकलं. वाईट झालं. पण हा कचरा हायवेवरून जाणारे लोक टाकतात. बाहेरचे. आपली माणसं असं करत नाहीत. बाहेरच्यांच्या घाणीसाठी आपल्या लोकांनी वर्गणी का भरायची?"

हॉलमधल्या माना हलल्या. बरोबर आहे, बाहेरचेच टाकतात, असे पुटपुटणे सुरू झाले. मित्रांनो, माझा संताप कधी झाला असेल तर तो तेव्हा. तिथे बसलेल्या निम्म्या माणसांना मी ओळखत होते. त्यांचे टायर आणि त्यांचे डबे माझ्या अंगावर पडले होते. त्यांनी ट्रक मागे घेताना एकमेकांना दिलेले आवाज मी ऐकले होते. आणि तिसऱ्या रांगेत इंगा बसली होती. केस पांढरे झालेले, मांडीवर हात जोडून ठेवलेले. ती माझ्याकडेच बघत होती. ज्या वस्तूला तेरा वर्षे हात लावला ती ओळखायला कितीसा वेळ लागणार?

ती उठू लागली. ऑर्विलने तिची बाही धरली.

"इंगा, खाली बस. उगाच सगळ्यांसमोर..."

"सोड." तिने बाही सोडवून घेतली. "वेंडेल, हे मशीन बाहेरच्यांचं नाही. माझं आहे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"माझ्या पाच पोरांचे कपडे ह्याने धुतले. आईच्या चादरी धुतल्या. मग आम्ही ते घळीत टाकलं. ऑर्विलने टाकलं असं मी म्हणणार नाही, ट्रकचा मागचा फाळका मी उघडला होता. आणि नंतर घरी जाऊन आम्ही जेवलो. डेल्फीन माझ्या दारात आली तेव्हा मी तिला 'बघू' म्हणाले. हे गेल्या वर्षीच्या ईस्टरला चर्चमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाईला!"

तिचा आवाज फाटला. पण ती खाली बसली नाही.

"बाहेरचे टाकतात म्हणे. लाज वाटू द्या आपल्याला. मला वाटतेय."

 मग भिंतीजवळ उभा असलेला एक म्हातारा टोपी हातात घेऊन म्हणाला, "त्या बॅटऱ्यांतल्या दोन माझ्या असतील. कदाचित तीन." मागून आणखी एक आवाज आला, "वेंडेल, तुमच्या दुकानाचं नाव छापलेले डबे मीसुद्धा तिथे पाहिलेत."

"ते गिऱ्हाइकांनी टाकले असतील," हॅगर्टी म्हणाले.

"गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच की!" म्हातारा म्हणाला आणि या वेळी हसायला हॉलमधले बरेच जण होते. डेल्फीन हसली नाही. तिने खिशातून ते घडी केलेले पत्र काढले आणि फक्त एकच ओळ वाचली, "कोणाचीच जबाबदारी नाही." मग ती खाली बसली.

ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधातले एक मत कोणाचे होते ते सांगायला नको. पुढच्या महिनाभरात हरकतींची पत्रे आलीच. इंगाचे ऐकून डोळे पुसलेल्यांपैकीही काहींनी ती लिहिली. पण निम्म्यापर्यंत ती पोहोचली नाहीत. हॅलोरन काउंटीचा कचरा विभाग स्थापन झाला. पाच ठिकाणी हिरव्या लोखंडी पेट्या आल्या. आठवड्यातून दोनदा ट्रक येऊ लागला. विहिरींपासून लांब, चिकणमातीत खड्डा खणला गेला, त्याला कुंपण घातले, फाटकावर माणूस बसला. जी पेटी सगळ्यात आधी भरते ती हॅगर्टींच्या दुकानासमोरची आहे.

सगळे छान झाले, असे मी म्हणावे अशी तुमची इच्छा असेल. तसे झाले नाही. नव्या विभागाने सांगितले की आमचे काम नव्या कचऱ्याचे, घळीतला जुना कचरा आमच्याकडे येत नाही. तेव्हा इंगा आपल्या दोन मुलींना घेऊन शनिवारी घळीत उतरली. डेल्फीन आधीच तिथे होती. दोघी फारसे बोलल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी ऑर्विल साखळी आणि ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने कोणाला नमस्कार केला नाही, सरळ टायर ओढायला लागला. पानगळीपर्यंत एकूण बारा-पंधरा माणसे येऊ लागली होती. सुनावणीत माना हलवणारे शंभरावर होते, हे मी विसरलेले नाही. डेल्फीनची वासरे परत आली नाहीत. विहिरीवर तिने फळी ठोकली आहे, ती अजून तशीच आहे.

मी सध्या विभागाच्या आवारात, लोखंडाच्या ढिगात पडले आहे. गुरुवारी ट्रक येईल आणि मला वितळवायला घेऊन जाईल. मला त्याचे दुःख नाही. जुने व्हायचे, मोडायचे आणि दुसरे काहीतरी बनायचे, हे आम्हा वस्तूंना मान्यच असते. आम्हाला जपून वापरा, मोडले तर दुरुस्त करा, हे मी सांगितले नाही तरी तुम्हाला शाळेत सांगतीलच.

मी एवढेच मागते. मित्रांनो, हातातली वस्तू टाकण्यापूर्वी, ती जिथे जाऊन पडणार आहे त्या जागी एकदा चालत जा आणि तिथे थोडा वेळ उभे राहा. तिथे कोण राहते ते विचारा. त्यांच्या विहिरीचे पाणी मागून प्या. ते प्यायचे धाडस झाले नाही, तर ती वस्तू घेऊन घरी परत या.