धाब्यावरचं साणं

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा देऊळगाव राजातल्या गोपाळरावांच्या घराला सरकारी निळी पाटी लागली. दर्शनी खांबांवर मोर-पोपट कोरलेले, तसं काम जवळपास कुठं नाही, असं पुराणवस्तू खात्याचं म्हणणं पडलं. घर संरक्षित झालं. राहायचं घरच्यांनी, पण खिळा ठोकायचा तोही विचारून. गोपाळरावांनी तशी सही करून दिली होती, आणि सहीला जागणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. ते बुलढाण्याला कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं घरी यायचे, सोमवारी पहाटे परत.

एका रविवारी ते माजघरात जेवायला बसले आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. ताटातलं वरण पिवळंधमक दिसत होतं. एरवी या घरात भरदुपारी कंदील लावून जेवायचं. आज स्वयंपाकघराच्या दारातून उजेडाचा पट्टा थेट पाटापर्यंत आला होता. शिवाय घर फार शांत वाटत होतं. काय थांबलंय, ते काही ध्यानात येईना.

"चारू, आज ऊन जास्त आहे का गं?"

"उन्हाळाच आहे," बायको म्हणाली. "भात वाढू?"

संध्याकाळी ते बाजारात गेले, तर हॉटेलवाले रामराव म्हणाले, "गोपाळराव, तुमच्या घरावर आता सरळ धूर दिसून राह्यला. ब्येस झालं."

काय बेस झालं? गोपाळराव हसले, कारण दुसरं काय करावं सुचेना. घरी येऊन विचारलं, तर चारुलता म्हणाली, शेजारचा असेल. शेजार तर महिनाभर कुलूपबंद होता.

मग ते जिना चढून धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, गेले. पांढरी माती नुकतीच अंथरलेली दिसली. पावसाळ्याआधी ती घालतातच, त्यात नवल नव्हतं. पण मागच्या अंगाला तुळशीच्या कुंड्यांचं कोंडाळं होतं आणि त्यांच्या मधोमध एक फुटका रांजण पालथा घातलेला. त्याच्या फुटक्या अंगातून धूर येत होता. गोपाळरावांनी रांजण सरकवला, तर खाली चौकोनी भोक. भोकातून खाली पाहिलं, तर थेट चारुलतेचा भांग. ती कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं.

"हे काय आहे?" ते वरूनच ओरडले.

"साणं आहे. धूर जायला. हळू बोला, रस्त्यावर ऐकू जातं."

खाली आल्यावर तिनं सांगितलं, तुळशीराम गवंड्यानं ते केलं. निघालेली माती धुण्याच्या कपड्यांच्या टोपल्यांतून मागच्या दारानं नेली. "पण नवीन काही नाही हो. खणताना जुनी चौकट लागली. साणं आधीचंच, कुणीतरी बुजवलेलं."

गोपाळराव पेचात पडले. साणं आधीचं असेल तर काहीच बिघडलं नव्हतं. नवीन असेल तर सही खोटी ठरत होती. ते तुळशीरामाकडं गेले. तो म्हणाला, "चौकट? बाईनं सांगतलं असंल तर असंल ना, भाऊसाहेब. मले काऊन इचारता?" त्यांनी थोरल्या बहिणीला, सत्यभामाबाईंना विचारलं. त्यांचा जन्म याच घरातला. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "होतं बहुतेक. त्यातून चिमण्या यायच्या. का ते मामाच्या घरी होतं?"

पुढच्याच रविवारी खात्याचे तरुण साहेब पाहणीला आले. खांब पाहिले, मोर मोजले, आणि धाब्यावर जाऊन कुंड्यांपाशी थबकले.

"हे जुनंच का?"

हो म्हणावं तर खोटं ठरेल, आणि खरं काय ते गोपाळरावांना ठाऊक नव्हतं. "साहेब, मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "जन्म या घरात गेला, पण स्वयंपाकघराच्या छताकडं मी कधी पाहिलंच नाही."

साहेबांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं, मग खाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. भिंती काळ्या कुळकुळीत होत्या. "वहिनी, धुराचा फार त्रास होत होता का?" त्यांनी विचारलं.

चारुलतेनं हात पुसले. "हो. रात्र-रात्र खोकायची मी. म्हणून मीच पाडून घेतलं. चौकट-बिकट काही नव्हती. तुळशीरामाचा दोष नाही, आणि यांना तर ठाऊकही नव्हतं."

गोपाळरावांच्या आता ध्यानात आलं. खोकला! घरातलं थांबलं होतं ते हेच. इतकी वर्षं ऐकत आले होते, आणि ऐकलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, "विचारायला हवं होतं. आता रीतसर अर्ज करा. तुळईला धक्का नाही, दर्शनी भाग शाबूत आहे. मी शिफारस करतो. तोवर पावसाचं पाणी आत येऊ देऊ नका." चहा घेऊन ते जालन्याच्या गाडीनं गेले. दिवाळीच्या सुमारास परवानगीही आली.

पण त्या दुपारी गोपाळरावांच्या डोक्यात सगळा गुंताच होता. रागवावं, की शरमावं? आपल्याला फसवलं, की वाचवलं?

"परक्या माणसाला एका शब्दात खरं सांगितलंस," ते म्हणाले. "मला मात्र चौकटीची गोष्ट सांगितलीस. का?"

चारुलता चुलीतली लाकडं मागं ओढत होती. "त्यांनी विचारलं, त्रास होत होता का. तुम्ही विचारलं, हे काय आहे."

गोपाळरावांनी माजघरातला आपला जेवायचा पाट उचलून आत आणला. पण तो कुठं ठेवायचा, हे त्यांना उमगेना. इकडं पिठाचा डबा, तिकडं पाण्याचा हंडा. ते पाट छातीशी धरून चहूकडं पाहत राहिले.

"तिथं नको, निखारे उडतात," चारुलता म्हणाली आणि डबा सरकवून तिनं जागा केली.