निर्जळेतला झिरा

दिपमालाच्या वाळवंटात वारा पश्चिमेकडून वाहायचा. म्हणून वाळूच्या टेकड्यांची पाठ पश्चिमेला सपाट आणि पोट पूर्वेला खोल. पुण्यातली एक कंपनी संगणकावरचा खेळ तयार करत होती. त्या खेळातल्या निर्जळा नावाच्या राज्याचे नकाशे दिपमाला नरडाण्याजवळच्या आपल्या गावी, घरातल्या मागच्या खोलीत बसून काढायची. पडलेले किल्ले, उंटांच्या वाटा, मिठाचे पांढरे पट्टे, राणीची समाधी, सगळं तिच्या हातातल्या पेनातून पाटीएवढ्या स्क्रीनवर उतरायचं. सारिका, तिची तिथली वरिष्ठ, म्हणायची, "दिपू, तुझी वाळू खरी वाटते गं. पायाला चटका बसतो."

वाळू खरीच होती.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया उलटल्यावर, तिचा थोरला भाऊ प्रेमराज सोलरच्या कामावर राजस्थानात गेला होता. एका दुपारी त्यांची गाडी वाळूत रुतली. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत बसून राहिला, तो वाचला. प्रेमराज मदत आणतो म्हणून पूर्वेकडे चालू लागला. तो परत दिसला नाही, आणि त्याचं काही सापडलंही नाही. शोधणारे थकले, पोलीस थकले. दिपमाला मात्र उपग्रहाचं चित्र उघडून तो मुलूख बघत राहिली. प्रत्येक झुडूप, प्रत्येक खळगा तिनं बोट फिरवून पाहिला. पुढे निर्जळेचं काम आलं तेव्हा तिला वेगळी जमीन सुचेना. हाताला तीच पाठ होती. गाडी रुतली तिथे तिनं पडका किल्ला काढला.

खेळणाऱ्यानं तहानेनं मरू नये म्हणून कंपनीला एक गुप्त पाणवठा हवा होता. किल्ल्याच्या पूर्वेला, एका दमात चालून जाता येईल अशा ठिकाणी तिनं झिरा काढला. वाळू उकरली की ओंजळभर पाणी वर येतं, तसा. निळा ठिपका, वाटाण्याएवढा.

तेवढ्यात तिची माय, पुष्पाबाई, चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. ती जमीन तिनं लेकीच्या खांद्यावरून इतक्यांदा पाहिली होती, की वरच्या किल्ल्याआडूनही तिनं ती ओळखली.

"आठे पानी शे?"

मायचं तेव्हा अन्न सुटलं होतं. गळ्याची हाडं मोजावीत अशी झाली होती. दिपमाला म्हणाली, "शे, माय."

त्या रात्री माय अर्धी भाकर जेवली. थंडी सरता सरता केस विंचरू लागली, दारात बसू लागली. शेजारची भागाबाई खोचून म्हणायची, "पोऱ्या जाईसन इतला दिन झायात, आनि हाई नटी ऱ्हायनी." माय तिला शांतपणे सांगायची, "मना प्रेमराज पानीवर पोचना शे. कोनी वस्तीवाला घरमा लई गया व्हई."

म्हणून गेल्या आखाजीला त्या घरात प्रेमराजची घागर भरली नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं कोरी घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. ते पाणी त्याला पोचतं, वर्षभराची तहान भागते. भरलं नाही तर तो कोरड्या घशानं दारोदार फिरतो.

यंदा आखाजीच्या सकाळी आबा, म्हणजे दिपमालाचे वडील चुडामण, कुंभाराकडून घागर घेऊन आले आणि ओट्यावर उभे राहिले. गल्लीत निंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या पोरी गात होत्या:

झोका चढना आभायले, दिखनी भाऊनी वाट,
पानी तापनं चुल्हावर, कोन मांडी पाट?

"प्रेमराजनी माय," आबा हळूच म्हणाले, "तो माले सपनमा उना व्हता. व्होट सुकेल व्हतात. काही बोलना नही, नुसता घागरकडे देखे."

"जित्ता पोऱ्यानी घागर भरतस का कोनी?" माय कडाडली. "हातले काही वाटत नही का तुमना?"

"मंग त्यानी तीस, त्यानी तहान कोन भागाडी?"

"झिरा शे तठे. दिपूले पुसा."

आबांनी लेकीकडे पाहिलं. दिपमाला खाली मान घालून आत गेली. तिनं काम उघडलं तोच सारिकाचा फोन आला. हात गुंतलेला, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"दिपू, सणाचं छळते, सॉरी हं. पण निर्जळा फार सोपी झालीय. लोक आरामात जगतायत. तो किल्ल्याजवळचा झिरा काढून टाक."

"तो राहू द्या ना, मॅडम."

"का गं? वाळवंट आहे, माणसं मरायला नकोत का?" सारिका हसली.

माय दारात उभी होती. ती धावत आली, फोनवर वाकली. "ओ बाई, झिरा बुजू नका! लोके कोठे जातीन?"

"अहो काकू, कसले लोक! खेळ आहे हा. तुमच्या दिपूनंच मनानं काढलाय तो झिरा."

दिपमालानं फोन बंद केला. बाहेर झोक्याचा दोर करकरत होता.

"काय म्हने ती?"

"माय..."

"बठ्ठं खोटं शे?"

"जमीन खरी शे, माय. पानी खोटं शे."

"तू सांगं व्हतं, पानी शे."

"तू जेवे नही. म्हनीसन सांगं."

मायनं तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, पदर गुडघ्यांत दाबला आणि म्हणाली, "खोटं बठ्ठं काढी टाक."

दिपमालानं राणीची समाधी पुसून टाकली.

"आखो."

उंटांच्या वाटा गेल्या. मिठाचे पट्टे गेले. किल्ला गेला, आणि खाली गाडी रुतली ती जागा उघडी पडली. उरला फक्त तो निळा ठिपका. दिपमालाचा हात थांबला. मायनं तिच्या मनगटाला धरलं, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला.

ठिपका गेला.

राखाडी वाळू तेवढी राहिली. माय बोटानं चाचपत राहिली, गाडीपासून पूर्वेला, मग उत्तरेला, मग काचेच्या कडेपर्यंत. कडेला बोट अडकलं. तिथून परत गाडीपाशी आली, पुन्हा निघाली. एखाद्या खळग्यावर थांबायची, लेकीकडे बघायची. दिपमाला नाही म्हणून मान हलवायची.

"कोठेच नही?"

"कोठेच नही, माय."

माय उठली. ओट्यावर जाऊन तिनं आबांच्या हातातून घागर घेतली. हंड्यातलं पाणी तांब्यातांब्यानं ओतू लागली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आबा भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडावर उपरणं घेतलं.

"रडू नका," ती म्हणाली. "कुंभारकडे जा. आखो एक घागर लया. गेली आखाजीनी राह्यनी." मग तांब्या ओतता ओतता, स्वतःशीच, "वरीसभर तिसना ठेवं मी त्याले. मी आठे माठनं पानी पेऊ, आनि तो तिसना."

आबा अनवाणीच निघाले.

दिपमाला मायशेजारी बसली. घागर गळ्यापर्यंत भरली की कोरी माती घुटका घ्यायची, पाणी बोटभर खाली उतरायचं. माय वरून पुन्हा तांब्या ओतायची.