गाण्यातली मधली जागा

व्हर्लनच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळायला लागली आहेत, हे त्याच्याआधी मला दिसलं. सकाळी मी बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ गरम पाव, आणि वर ओतायची ग्रेव्ही पुढ्यात ठेवली, त्यानं कॉफीचा कप उचलला, आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप तळव्याकडे गेलं. वाळलेली शेंग वळते तसं.

"बोटांना काय झालं?"

"झोपेत अंगाखाली आली असतील."

पुढे कितीतरी दिवस तो हेच सांगत राहिला. रोज कुणाचा हात असा झोपेत अंगाखाली येत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

माझा नवरा व्हर्लन टॅकेट स्टील गिटार वाजवायचा. आम्ही नॅशव्हिलच्या उत्तरेला, मॅडिसनमध्ये राहायचो. त्या काळात शहरात कंट्री गाण्यांची रेकॉर्ड निघाली की तिच्यात स्टील असायचंच, आणि बरेचदा ते व्हर्लनचं असायचं. हे वाद्य टेबलासारखं चार पायांवर उभं असतं. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, डाव्या हातातली जाड पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, खाली पायानं पेडल दाबायची. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनी काहीच करायचं नसतं. ती कांडीच्या मागे तारांवर नुसती पडून राहतात आणि तारांचा मागचा भाग गप्प ठेवतात. ती बोटं उचलली गेली, की सुरामागून पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो.

शेवटी मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. कोपरात नस दबली होती. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला.

"ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल. गेलंय ते परत येणार नाही."

"अजून किती दिवस वाजवता येईल?" व्हर्लननं विचारलं.

"तुम्ही आजही वाजवताय, याचंच मला नवल वाटतंय."

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली फिरवलीच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "ओव्हेला, कुणाला सांगायचं नाही. या गावात असली बातमी दुपारपर्यंत सगळीकडे होते. मग फोन वाजत नाही."

"रेंडालासुद्धा नाही?"

"तिला तर नाहीच. ती दया करील. मला दया नकोय. शब्द दे."

आमच्या चर्चमध्ये शपथ घेत नाहीत. आमच्यात वाद्यंही नाहीत. देवानं गळा दिलाय, तेवढ्यानं त्याला आळवावं, बाकी सगळी भर. माझ्या वडिलांनी व्हर्लनला जावई करून घेतलं, पण त्याचं वाद्य घरात कधी येऊ दिलं नाही. अशा घरातली मी, म्हणून नुसता शब्द दिला. आमच्यात शब्द शपथेपेक्षा जड असतो.

मग तो म्हणाला, "मला एकदाच पुरा सोलो हवाय."

हे मला नीट सांगायला हवं. व्हर्लनचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या ओळींच्या शेपटाला गेलं. बाईनं गावं, तिची ओळ संपली की यानं मागून एक हुंदका द्यावा. पूर्वी गाण्याच्या मध्यावर गायक बाजूला व्हायचा आणि सोळा बार, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, स्टीलला किंवा फिडलला मोकळी मिळायची. मग त्याचे आठ झाले. मग व्हायोलिनांचा ताफा आला, मागे आ-आ करणारी मंडळी आली, आणि सोलो म्हणजे गायिकेनं श्वास घ्यायची सोय उरली. लोक रेकॉर्ड घेतात ती वेष्टनावरच्या चेहऱ्यासाठी, असं कंपनीचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पण व्हर्लनचे सोळा बार असे कुठेच नव्हते, की बोट ठेवून म्हणावं, हा मी.

रेंडा फे स्टॅलर्ड आमच्या घरचीच. एकोणिसाव्या वर्षी केंटकीच्या डोंगरातून आली, तेव्हापासून व्हर्लन तिच्या मागे बसून वाजवत होता. माझ्या स्वयंपाकघरात कढई कुठे असते ते तिला माझ्याइतकं ठाऊक. आता ती चाळिशी ओलांडलेली. मागच्या दोन रेकॉर्ड पडल्या होत्या. वरचे सूर लावताना गळ्यात वाळू शिरल्यासारखं व्हायचं. ही रेकॉर्ड चालली नाही तर पुढची नाही, असं कंपनीनं तिला ऐकवलं होतं. म्हणजे दोघांच्याही गळ्याशी आलं होतं, आणि एकालाही दुसऱ्याचं पुरतं माहीत नव्हतं.

त्यानं तिला आमच्या पोर्चवर विचारलं. मी शेंगा सोलत होते, ती मला मदत करण्याच्या नावाखाली दाणे खात होती.

"पोरी, एक मागू का?"

"माग. फक्त नवरा मागू नकोस, तो मलाच सापडत नाहीये."

"ते रिकाम्या घराचं गाणं आहे ना, त्यातले मधले सोळा बार मला दे. पुरे. मागे कुणी आ-आ करायचं नाही, व्हायोलिनं नकोत."

ती हसली, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. "एवढ्या वर्षांत कधी काही मागितलं नाहीस. आज काय झालं?"

"म्हातारा झालो."

"तू जन्मलास तोच म्हातारा." तिनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. "दिले. हॅल बोंबलेल. बोंबलू दे."

हॅल कॉव्हिंग्टन म्हणजे तिची रेकॉर्ड करून घेणारा निर्माता.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी गाडी चालवली. स्टुडिओबाहेर, गाडीतच, मी त्याची दोन्ही बोटं सरळ धरून कातडीच्या रंगाच्या चिकटपट्टीनं एकमेकांना बांधली, वरून अशी पट्टी ओढली की ती वळू नयेत. त्याला दुखत होतं. मी हळू करायला लागले तर म्हणाला, "आवळ."

आत विचारणाऱ्यांना त्यानं सांगितलं, गाडीच्या दारात बोट सापडलं.

मी काचेच्या अलीकडे, यंत्रांच्या खोलीत बसले. पलीकडे सगळी मंडळी एकाच मोठ्या खोलीत वाजवत होती, रेंडा कोपऱ्यातल्या काचेच्या कप्प्यात. पहिलं कडवं झालं, ध्रुवपद झालं, आणि मधली जागा आली.

त्यानं फार काही केलं नाही. बोटं चालतात म्हणून धावपळ करणारे असतात, तसा तो कधीच नव्हता. एक सूर लावला आणि तो खालून वर इतका सावकाश नेला, की मला वाटलं आता पोचत नाही. पोचला. मग तिथून दुसरा सूर त्याच्यातून सुटून निघाला, पहिला मात्र तिथेच उभा. आमच्या चर्चमध्ये बायका-पुरुष चार आवाजांत गातात, तेव्हा मधेच एखाद्या क्षणी कुणाचा आवाज कुठला ते कळेनासं होतं. तसं झालं. त्या गाण्यातली बाई रिकाम्या घरात एकेक दार उघडून बघते. ते शब्दांत होतं तेव्हा मी नुसतं ऐकलं होतं. आता मला दारं दिसली.

सोळा बार संपले. रेंडानं गायला सुरुवात करायची होती. तिनं केलीच नाही. कप्प्यात तशीच उभी राहिली, तोंड अर्धं उघडं.

पुढचं कडवं नंतर वेगळं घेतलं. मग सगळं सलग लावून ऐकलं. सोलो संपून रेंडाचा आवाज आला, तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघेना. तोवर तिचा आवाज बरा वाटत होता. त्या सुरांनंतर त्यातली वाळू कण न् कण ऐकू आली.

"सुंदर," हॅल म्हणाला. बघत मात्र तो रेंडाकडे होता.

गाडीत व्हर्लननं पट्टी सोडवू दिली नाही. घरी येईपर्यंत तो हात मांडीवर उताणा ठेवून बसला होता, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

चारेक दिवसांनी रेंडा आली. दार वाजवून आली. ती आमच्याकडे कधी दार वाजवत नसे.

जेवायच्या टेबलाशी बसली. मी बर्फ घातलेला गार चहा दिला, बर्फ वितळून गेला तरी तिनं हात लावला नाही.

"हॅलकडून निरोप पाठवता आला असता," ती म्हणाली. "पण मला वाटलं, मीच सांगावं."

"सोलो काढलात," व्हर्लन म्हणाला.

"व्हर्लन, तू जे वाजवलंस ना..." ती थांबली. "त्याच्यानंतर मी येते, तेव्हा माझ्याच गाण्यात पाहुणी वाटते. नकोशी पाहुणी. माझ्याकडे ही एकच रेकॉर्ड उरलीय. लोकांनी ती ऐकून तुझं नाव विचारलं, तर मी संपले."

"आठ ठेव."

"हॅल म्हणतो, एकही नाही. तिथे मी गुणगुणायचं. शब्दांशिवाय."

व्हर्लनचा डावा हात टेबलाखाली होता. मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"वेष्टनावर नाव तुझं आहे, पोरी," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

"भांड तरी माझ्याशी."

"कशाला? तू बरोबर बोलतेयस."

ती गेली. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डवर वाजवीन. मी भांडी घासत राहिले. मग मागच्या खोलीतून स्टीलचा आवाज आला. तोच सोलो. पण आज बोटांना पट्टी नव्हती आणि प्रत्येक सुरामागून तो पत्रा थरथरत होता. त्यानं परत सुरुवात केली, परत, परत. मग कांडी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला, आणि मग माझ्या नवऱ्याचा. तो आवाज मी त्याच्या आईच्या दफनालाही ऐकला नव्हता. मी दारापर्यंत गेले. दाराला आतून कडी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शब्द मोडला. चर्चला जाताना घालते तो झगा घातला, स्टुडिओत गेले. रेंडा तिथेच होती, कोचावर हॅम सँडविच खात. यंत्रांपाशी ड्यूई होता, रेकॉर्डिंग करणारा.

"त्याचा हात गेलाय," मी म्हणाले. "त्या दिवशी मी बोटं बांधून त्याला आत पाठवलं होतं. तो परत वाजवू शकणार नाही. ते शेवटचं होतं, रेंडा. तेवढं परत घाल."

तिनं सँडविच खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, ड्यूईकडे पाहिलं.

ड्यूईनं टोपी काढली. "ओव्हेलाबाई, टेपवरचे सगळे ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचे पट्टे, भरले होते. गुणगुणायला जागा हवी होती. काल आम्ही त्याच्या स्टीलवरच घेतलं."

"वरच म्हणजे?"

"म्हणजे ते आता नाही."

मी खाली बसले. खुर्ची होती का ते न बघताच बसले.

"मला का नाही सांगितलंस?" रेंडा म्हणाली. "परवा तुझ्या घरात बसले होते मी. का नाही सांगितलंस?"

"त्यानं शब्द घेतला होता. सांगितलं असतं तर ठेवला असतास?"

तिनं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं. मग म्हणाली, "माहीत नाही." आणि रडायला लागली, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तशी. मला तिच्या जवळ जाववलं नाही.

ड्यूई चुळबुळत म्हणाला, "सगळे एकाच खोलीत होते. ड्रमच्या माइकात त्याचं स्टील थोडंसं शिरलंय. अगदी पुसट. हॅलला ते खटकतंय, ड्रम परत घेऊ म्हणतोय."

रेंडानं नाक पुसलं. "ड्रमला हात लावायचा नाही."

"हॅल ऐकायचा नाही."

"मग त्याला सांग, मी गुणगुणलेलं काढून टाकते आणि घरी जाते. कंपनीला काय सांगायचं ते त्यानं सांगावं."

ती भांडली. दोन दिवस भांडली असं ऐकलं. ड्रम तसेच राहिले.

रेकॉर्ड उन्हाळा सरता सरता आली. तोवर व्हर्लनचं ऑपरेशन झालं होतं. स्टील खोक्यात बंद करून पलंगाखाली सरकवलं होतं. तो त्या खोलीत झोपतही नसे. गाणं रेडिओवर वाजायला लागलं होतं. मधलं गुणगुणणंच लोकांना सर्वांत आवडलं म्हणे. वाणसामानाच्या दुकानातली पोरगी मला म्हणाली, तिथे आलं की अंगावर काटा येतो. मी पिठाची पिशवी उचलून बाहेर पडले.

रेंडा स्वतः रेकॉर्ड घेऊन आली, भर दुपारी. तिनंच ती लावली, सुई त्या जागेवर ठेवली.

"तुझा गळा चांगला लागलाय," व्हर्लन म्हणाला.

"गळा नको ऐकूस. त्याच्या खाली ऐक."

तो पुढे झुकला, कान स्पीकरपाशी नेला. मला ऐकू येत होतं. दोन घरं सोडून कुणी रेडिओ लावावा तितकं लांब, पण तेच. खालून वर जाणारा सूर, आणि त्याच्यातून सुटलेला दुसरा.

"ड्रम ऐकू येतोय," तो म्हणाला.

तिनं परत लावलं. "आता. हे. ऐकलंस?"

"नाही."

"व्हर्लन, हे बघ, इथे..."

"नाही ऐकू येत, पोरी."

रेंडानं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या खोलीतला फ्रीज घरघरला तरी कुठल्या सुरात घरघरतो ते सांगणारा हा माणूस. मी मान खाली घातली.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "तुम्हा दोघींना येतंय ना? मग असेल." आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

त्याला खरंच ऐकू आलं नाही, की ऐकू आलं आणि सोसवलं नाही, ते मी कधी विचारलं नाही. रेंडा जमिनीवर बसली होती. तिनं सुई उचलून परत मागे ठेवली. खिडकीतून तो दिसत होता, टोमॅटोच्या वाफ्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, पडलेला एक बांबू एका हातानं मातीत रोवायला बघत होता, आणि बांबू उभा राहत नव्हता.