सरकारचे दहा, सूर्याचे नऊ

ऑलिंपिकच्या नादात सरकारनं मे महिन्यात सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढं ढकलली. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझ्या मुगाच्या धिरड्यांना गिऱ्हाईक भुकेनं येतं, घड्याळ बघून नव्हे. त्या तासानं खरा घोळ घातला तो जूनमध्ये, तेगू शहरातल्या दवाखान्यात.

माझी सुनोक पहिलटकरीण. मूल पायाळू, म्हणून ऑपरेशन करूनच काढायचं होतं. मग निदान मुहूर्तावर काढू, म्हणून विहीणबाई बाजारातल्या ज्योतिष्याकडून सकाळी दहाची वेळ घेऊन आल्या. आमच्यात वर्षाला आणि दिवसाच्या दर दोन तासांच्या घटकेला एकेका प्राण्याचं नाव असतं, आणि ते वर्ष ड्रॅगनचं. त्यात मूल ड्रॅगनच्याच घटकेला जन्मलं तर बापाच्या मुळावर येतं, दहाला ड्रॅगनची सरून सापाची घटका लागलेली असते, असं तो म्हणाला होता. थोतांड नुसतं. पण जावई उल्सानच्या गोदीत उंच चढून जहाजांचं जोडकाम करतो, विहीणबाईंचा एकुलता एक. त्यांचा नवराही कामावर असतानाच गेलेला. म्हणून मी तोंड शिवून घेतलं होतं.

पहाटेच सुनोकला कळा सुरू झाल्या. साडेनऊला डॉक्टर बाहेर आले. बाळाचे ठोके मंदावताहेत, दहापर्यंतही थांबता येणार नाही, संमतीच्या कागदावर सहीचा शिक्का द्या, म्हणाले. शिक्का सासरचा लागतो. दिलेल्या लेकीसाठी आईच्या शिक्क्याला कोण विचारतो? जावई गोदीवर होता, त्याचा शिक्का विहीणबाईंच्या बटव्यात होता.

त्यांनी बटवा उघडायला घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हात थांबवला. चेहरा पांढराफटक पडला.

"मी बाराला बसमधून उतरले, तेव्हा ज्योतिष्याकडे अकरा वाजले होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, घड्याळ मागं पडलंय."

माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. त्या म्हाताऱ्या ज्योतिष्यानं घड्याळ पुढं केलंच नव्हतं. त्याचे दहा म्हणजे दवाखान्याचे अकरा, आणि आत्ता, सूर्याच्या हिशेबानं, ड्रॅगनचीच घटका चालू होती. विहीणबाईंनी बटवा छातीशी घट्ट धरला. अकरा वाजेपर्यंत शिक्का मिळणार नाही, म्हणाल्या. डॉक्टरांनी समजावलं, नर्सनं हात जोडले. दाराआडून सुनोकचं कण्हणं ऐकू येत होतं. मधेच ते थांबलं, आणि मला ते कण्हण्यापेक्षा भयंकर वाटलं.

माझं डोकं फिरलं. त्या बटव्यावर झडप घालावी असं वाटलं. पण विहिणीशी झटापट केली तर लेकीला उद्या नांदायचं तिथंच. मी चपला काढल्या, बाकावर चढले, घड्याळाची काच उघडली आणि काटा बोटानं ढकलत ढकलत अकरावर नेऊन ठेवला.

"विहीणबाई, अकरा वाजले. शिक्का काढा."

"असं कुठं असतं?"

"सरकारनं केलं तेव्हा तुम्ही मुकाट मनगटावरचं घड्याळ फिरवलंत. तेव्हा सूर्याला विचारलं होतं?"

"माझा एकच मुलगा आहे हो," त्या म्हणाल्या.

"माझी एकच मुलगी आहे."

मी बाकावरून खाली उतरले नाही. मग त्यांनी बटवा उघडला. शिक्का कागदावर टेकवताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

मुलगी झाली. निळी पडली होती, उशिरानं रडली, पण रडली. सुनोकही वाचली. नर्सनं जन्मवेळ लिहायला आपलं मनगट वर केलं, तेव्हा विहीणबाई पुढं झाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अकरा वीस लिहा." नर्सनं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि लिहिलं.

मग त्या माझ्या कानाशी आल्या. "माझ्या मुलाला काही झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन."

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

नात आता पावलं टाकते. घड्याळाचं ते खूळ सरकारनं यंदा सोडून दिलं. हे सगळं थोतांड आहे असं मी अजूनही चारचौघांत ठणकावून सांगते. पण गोदीवर वारा सुटलाय असं रेडिओवर ऐकलं की धिरडं तव्यावर करपतं, आणि जावयाचा फोन येईपर्यंत मला दुसरं टाकवत नाही.