एका कान्याने वाचलो

मी घोडा-हौद कायदा बोलतोय. हसू नका. मी अजून लागू आहे आणि त्याचाच तर वैताग आहे!

माझा जन्म घोडागाड्यांच्या काळातला. एका उन्हाळ्यात भर रस्त्यात एक घोडा तहानेने कोसळला, तेव्हा मला केलं. हमरस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराने दारासमोर घोड्यांसाठी पाण्याचा हौद बांधावा, नाहीतर त्याची जागा तरी मोकळी ठेवावी. काय थाट होता माझा! घोडे पोटभर प्यायचे, गाडीवान मला दुवा द्यायचे.

मग मोटारी आल्या. घोडे गेले, हौद बुजले, मी मात्र राहिलो. तुम्ही माणसं जेवण झालं की ताटं उचलता ना? मग आम्ही कायद्यांनीच तुमचं काय घोडं मारलंय?

कपाटात पडून होतो, ते बरं होतं. पण एका शिंपीणबाईंनी दुकानाच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार बांधला. त्यांच्या वडिलांनी जन्मभर त्याच दुकानात कपडे बेतले होते. पाय गेल्यापासून ते चाकांच्या खुर्चीत, घरात भिंतीकडे बघत. लेकीला त्यांना पुन्हा दुकानात बसवायचं होतं. पहिल्याच दिवशी नगरपालिकेचे निरीक्षक आले.

"ही जागा हौदाची आहे. उतार तोडावा लागेल."

"अहो साहेब, घोडा कुठाय?"

"घोडा असो नसो, कायदा आहे."

खुर्चीतून म्हातारबुवा म्हणाले, "मग मलाच घोडा समजा. जन्मभर राबलोय, पाणीही पितो."

निरीक्षक हसले, पण उतार तोडायला लावलाच. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शिंपीणबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. लोकप्रतिनिधींच्या दारात त्यांनी चपला झिजवल्या. शेवटी जुनेपाने कायदे एकगठ्ठा रद्द करणारं विधेयक आलं, यादीत मीही होतो, आणि ते मंजूर झालं. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं! बाई राजपत्र घेऊन धावत निरीक्षकांकडे गेल्या. त्यांनी चष्मा लावला.

"बाई, यात 'घोडा-हौदा कायदा' रद्द झालाय."

"तोच की!"

"हौदा हत्तीवर असतो. असा कायदाच नाही. तुमचा घोडा-हौद कायदा चालू आहे."

एक काना हो! 'घोडा' लिहिण्याच्या नादात टंकलेखकाने 'हौद'लाही काना ओढला, आणि अख्ख्या सभागृहाने न वाचता हात वर केले. जो कायदा कधी नव्हताच तो मेला, आणि मी जिवंत! आता चूक दुरुस्त करायला पुन्हा विधेयक, पुन्हा अधिवेशन.

तोवर शिंपीणबाई रोज पायऱ्यांवर दोन फळ्या टाकतात, वडिलांना आत ढकलतात आणि फळ्या उचलून ठेवतात. काल एक फळी सरकली. खुर्ची कलंडता कलंडता वाचली. म्हातारबुवांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "मी घरीच बरा."

तहानलेल्या घोड्याची दया आली म्हणून मला जन्माला घातलंत. आता माझ्याच नावाने एका म्हाताऱ्याला घरी बसवताय. हात जोडतो, मला मरू द्या. फक्त पुढच्या खेपेला हात वर करण्याआधी माझं नाव एकदा मोठ्याने वाचा. हौद. काना नाही.