न कापलेलं मांजरपाट

सोनूबाईनं कात्री उचलली, पांढऱ्या मांजरपाटावर टेकवली आणि पुन्हा खाली ठेवली. अंगणात दोन मोटारी उभ्या होत्या आणि त्यातली कोणती घ्यायची, हे तिच्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं, अजून ठरत नव्हतं. फ्रेंच मोटारीच्या खिडक्या लांबट, इंग्रजीच्या उभट. एक ठरल्याशिवाय पडदे बेतता येईनात, आणि पडद्याशिवाय जालन्याच्या मस्तगडातली देशमुखांची सून मोटारीत बसत नसे.

तिकडे मंठ्याला तिची विधवा आई अंथरुणाला खिळली होती. सोनूबाईनं बैलगाडी मागितली तेव्हा काकासाहेब हसले होते. दारात मोटारी असताना बायको छकड्यातून माहेरी गेली, तर जालन्यात तोंड दाखवायला जागा राहील का, म्हणाले. सासूच्या जिवापेक्षा त्यांना आपल्या तोंडाची काळजी.

मोटारींची पारख मात्र जीव लावून चालली होती. जोडीला त्यांचे दोस्त खुर्शीदमियाँ. फ्रेंच मोटार वाऱ्यासारखी पळायची, पण पोट खाली, चाकोरीत घासायचं. काही मोडलं तर सामान हैदराबादेतही मिळायचं नाही. इंग्रजी मोटार चढाला धापा टाकायची, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करायची, पण काळ्या मातीत रुतत नव्हती आणि पेट्रोल बेतानं प्यायची. ओसरीवर सकाळ-संध्याकाळ हेच दळण.

एके दिवशी दोघं पहाटेच दोन्ही मोटारी घेऊन निघाले आणि दुपार कलताना धुळीनं माखून परतले. सोनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली.

"कुठवर गेल्ता?"

"मंठ्याच्या वेशीपतुर," काकासाहेब खुशीत म्हणाले. "सपाटीला फ्रेंच पुढं होती, पण वढ्यात रुतून बसली. इंग्रजी बिलकुल अडली न्हाई."

तांब्या तिच्या हातातच राहिला.

"आईला बघितलं?"

"जावई माणूस असा धुळीनं भरलेला, रिकाम्या हातानं दारात जाईल का? अन् इंजिन थंड व्हायच्या आत परतीची चालबी बघायची होती." त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला. "इंग्रजीच ठरली. बेत पडदे. उद्या जाऊ."

ते घटाघटा पाणी प्याले. सोनूबाईला त्या माणसाची किळस आली. तरी तिनं जाऊन खिडक्यांची मापं घेतली. तोवर दिवस मावळला आणि कापायचं सकाळवर राहिलं.

सकाळी तिनं कात्री हातात घेतली, तोच माहेरचा गडी मच्छिंद्र घोड्यावरून आला. पटका काढून तो उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"आक्का, म्हातारी गेली. काल सांजच्याला." तो खाली बघूनच बोलत होता. "वेशीवर मोटारीचा आवाज आल्ता. लेक आली म्हणली. तवापून दाराकडंच बघून राह्यली होती. तुमच्यासाठी थांबलेत समदे."

काकासाहेब आतून लगबगीनं आले. मच्छिंद्राकडे त्यांनी पाहिलं नाही.

"फ्रेंच काढतो," ते म्हणाले. "जल्दी पोचू."

"आता कोणतीबी चालंल," सोनूबाई म्हणाली.

"पण फ्रेंचला पडदे..."

सोनूबाईनं मांजरपाटाची घडी उचलून काखेत घेतली.

"कापलं न्हाई ते बरं झालं," ती म्हणाली. "आईला अख्खंच लागंल."